बाईंनी आधी राहून पाहिलेली घरं

मी बाईंच्या घरी भाड्यानं राहायला गेले, त्या सकाळी त्यांनी एका कुटुंबाला घराबाहेर काढलं होतं. मी बॅग घेऊन दारात उभी आणि बाई आत फोनवर लेकीला सांगत होत्या, "काढून टाकलं त्यांना. हो, बाळासकट. किती दिवस सहन करायचं? उष्टी ताटं पलंगावर, जमिनीवर, बाळाच्या पाळण्याशेजारी. सांगितल्याशिवाय हात धुवत नाहीत. आता ते घर मी रिकामंच ठेवणार."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "तू अमळनेरची ना? बँकेतली? ये आत. ताट धुतेस का?"

धुते, म्हणाले. त्या आठवड्यात मी बॅगेतले कपडे कपाटात लावले नाहीत आणि प्रत्येक ताट दोनदा धुतलं. रविवारी बाईंनी मला लॅपटॉपसमोर बसवून ते रिकामं घर दाखवलं, तेव्हा कळलं की ते कुटुंब एका खेळातलं होतं.

या खेळात माणसं तयार करायची, त्यांना घर बांधून द्यायचं आणि ती कशी राहतात ते बघायचं. ती जेवतात, झोपतात, कामाला जातात, प्रेमात पडतात, भांडतात. बोलतात अशा भाषेत, जी जगात कुणालाच येत नाही. बाईंच्या मते हा त्या खेळाचा सर्वांत मोठा गुण होता. लेक लग्न होऊन बंगळूरला गेली, जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेली, आणि त्यात हा खेळ राहिला होता. बाई मराठी शाळेत गणित शिकवून तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी खेळ उघडला, घर बांधायचं पान सापडलं, आणि मग त्यांनी निवृत्तीबद्दल तक्रार केली नाही.

सुरुवातीला त्यांनी आपल्या वारलेल्या यजमानांनाही खेळात घेतलं होतं. हुबेहूब केलं होतं म्हणे, चष्म्यासकट. पहिल्याच दिवशी ते स्वयंपाकघरात गेले आणि घराला आग लावली.

"मग?" मी विचारलं.

"काढलं. होते तेव्हाही मी त्यांना गॅसजवळ जाऊ देत नव्हते."

बाकी लोक हा खेळ माणसांसाठी खेळतात. बाईंना माणसं लागत, ती घर तपासायला. घर बांधून झालं की त्या एखादं कुटुंब आत सोडत, खेळाचा वेग वाढवत आणि चहाचा कप घेऊन समोर बसत. दोन माणसं पॅसेजमध्ये समोरासमोर येऊन अडकली की "नापास" म्हणत आणि भिंत पाडत. आत माणसं जेवत असली तरी पाडत. त्यांचा क्रम ठरलेला होता: आधी मोरी, मग ओटा, मग देव, मग उरलेलं घर. खेळ परदेशी असल्यामुळे त्यात मोरीही नव्हती आणि देवही नव्हते. मोरीच्या जागी त्या कपडे धुण्याची खोली करत. देवघर म्हणून पुस्तकांचं कपाट आणि दोन मेणबत्त्या. मेणबत्त्यांमुळे एकदा कपाटानं पेट घेतला, तेव्हापासून देव अंधारात होते.

बाहेरच्या जगातही त्यांची नजर तीच. कुणाकडे गेल्या की "कसे आहात" याच्या आधी "संडासाचं दार आत उघडतं की बाहेर?" हे विचारत. त्यांच्या शाळेतल्या एका शिक्षकांचे वडील गेले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर भेटायला गेले होते. बायका पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. बाई जिन्यातच थांबल्या, वळणापाशी हात पसरून उभ्या राहिल्या आणि वर येऊन त्या शिक्षकांना म्हणाल्या, "वडलांना उतरवताना वळणावर अडचण झाली असणार."

मला वाटलं, आता इथून निघावं. पण ते गृहस्थ सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी बोलल्यासारखे उठले. "काय सांगू बाई, उभंच धरावं लागलं हो त्यांना! मला तेच सारखं डोळ्यांपुढे येतंय." मग ते दोघं जिन्यात जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ त्या वळणाबद्दल बोलत होते. निघताना त्यांनी बाईंना नमस्कार केला. मला वाटतं, त्या दिवशी आलेल्यांपैकी नेमकं सांत्वन बाईंनीच केलं असावं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

आमची कॉलनी शहरात, उधन्याच्या बाजूला होती. जुनी, चार मजली, लिफ्ट नसलेली. गच्ची गळायची, पाणी सकाळी थोडा वेळ यायचं, गॅलऱ्यांचे गज गंजलेले. त्यामुळे बिल्डर आला आणि म्हणाला, की हे सगळं पाडून उंच टॉवर बांधतो आणि प्रत्येकाला आहे त्यापेक्षा मोठा फ्लॅट देतो, तेव्हा कॉलनीत दिवाळीच झाली. गुळगुळीत कागदावर छापलेला नकाशा घरोघर वाटला गेला. सगळ्यांनी आपापला फ्लॅट शोधला आणि सोफा कुठं ठेवायचा यावर चर्चा सुरू केली. बाईंनी तो नकाशा बराच वेळ पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्या कॉलनीत फिरू लागल्या. कोण कुठं झोपतं, कोण किती वाजता उठतं, आंघोळीला किती वेळ लागतो, धुणं कुठं वाळत घालता. लोकांनी हौसेनं सांगितलं. बाई शाळेत होत्या तेव्हा जनगणनेला यायच्या, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. आमचे सेक्रेटरी कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांना वाटलं, बाई बिल्डरच्या कामात मदत करताहेत. त्यांनी होऊन सांगितलं, की रविवारच्या सभेत तुम्हाला जे दाखवायचं असेल ते दाखवा, टीव्ही मी देतो.

रविवारी सकाळी गणपतीच्या मांडवाच्या शेडमध्ये सभा भरली. पुढं सेक्रेटरींचा मोठा टीव्ही, त्याला बाईंचा लॅपटॉप जोडलेला. बिल्डरकडून एक माणूस आला होता, तो खुर्चीत फोन बघत बसला. बाईंनी नकाशातला एक अख्खा मजला खेळात बांधला होता. चार फ्लॅट, चार कुटुंबं. एकात सेक्रेटरींचं, एकात शिकवण्या घेणाऱ्या भारतीबेन एकट्या, एकात बाई आणि मी. चौथ्यात तळमजल्यावरचे आबा, त्यांचा मुलगा आणि सून सुनंदा. आबा पारोळ्याकडचे. आयुष्यभर कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर काम केलेले, त्यामुळे कानानं कमी. आता मुलगा त्याच लूमवर जात होता. आबांची खाट घराच्या दाराबाहेर, जिन्याखालच्या ओट्यावर असायची. येणारा-जाणारा त्यांच्याशी ओरडून दोन शब्द बोलूनच वर जाई.

पडद्यावर आपली माणसं पाहून लोक खूश झाले. "हे डोक्यावर काय आहे बाई? हिरा?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हो. हिरवा असला की माणूस खुशीत. लाल झाला की बिघडलं."

सेक्रेटरींनी जवळ जाऊन पाहिलं. "कटिंग काही बरोबर नाही," ते म्हणाले आणि जागेवर बसले.

बाईंनी वेग वाढवला. पडद्यावर सकाळ झाली. सेक्रेटरींच्या फ्लॅटमध्ये सगळे एका बाथरूमपुढे रांगेत उभे राहिले आणि शेवटी त्यांच्या धाकट्या मुलानं पॅसेजमध्येच ओलं केलं. शेडमध्ये हशा पिकला. सेक्रेटरीही हसले. मग पडद्यावरचे सेक्रेटरी आपल्या घरातून निघाले, समोरच्या दारानं भारतीबेनच्या हॉलमध्ये गेले, त्यांच्याशेजारी बसले आणि कुठून तरी एक गुलाब काढून त्यांच्यापुढे धरला.

आता कुणी हसलं नाही.

"आ शुं छे, टीचरबेन?" भारतीबेन पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"हे मी करायला सांगितलेलं नाही," बाई म्हणाल्या. "ते आपापलं करतात."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. सेक्रेटरींच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. "आपापलं?"

बाईंना वाटलं, मुद्दा कळलेला नाही. त्या शाळेतल्यासारख्या समजावून सांगू लागल्या. "हे बघा वहिनी, दोन दारं अगदी समोरासमोर आहेत. तुमचा हॉल भरलेला, यांचा रिकामा. माणूस बसायला जागा असेल तिकडेच जाणार. यात सेक्रेटरींचा दोष नाही, प्लॅनचा आहे."

सेक्रेटरी टीव्ही बंद करायला उठले. त्यांचाच टीव्ही, बटण कुठं आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं. तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे ते साधं बोलले तरी साऱ्या कॉलनीला ऐकू जाई.

"बाई, हाऊ मीच शे का?"

पडद्यावर एव्हाना रात्र झाली होती. चौथ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा उभा होता. मुलगा-सून आतल्या खोलीत झोपलेली. म्हाताऱ्याच्या डोक्यावरचा हिरा लाल झालेला.

"हो आबा. तुम्हीच."

"मंग मी उभा काबर शे?"

"तुमची खाट बसत नाही," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "मी सगळीकडे लावून पाहिली. खाट ठेवली की दार उघडत नाही, दार उघडलं तर खाट राहत नाही. बाहेर ओटाच नाही. म्हणून तुम्ही असे उभे राहता."

"मनी खाट कोठे शे मंग?"

बाईंनी उत्तर द्यायच्या आत पडद्यावरचा म्हातारा डुलला आणि पॅसेजच्या तोंडाशी फरशीवर पडून झोपला. आतून सून उठली. तिला बाथरूमला जायचं होतं. तिनं त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या, हात वर करून त्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि तिथंच अडकून राहिली.

सेक्रेटरींचा हात बटणापाशी तसाच होता.

"मी अशी ओरडणार नाही हं बाई आबांवर," सुनंदा म्हणाली.

"तू नाही गं. ती," बाई म्हणाल्या. "पण तिला दुसरा रस्ताच नाही."

सभा तिथंच संपली. सेक्रेटरींनी बाईंना सोसायटीच्या कमिटीतून काढलं आणि टीव्ही घरी नेला. त्यांच्या घरी पुढं काय झालं ते मला माहीत नाही, पण काही दिवस ते जेवायचा डबा न घेता कामावर जाताना दिसत.

खरी पंचाईत वेगळीच झाली. टॉवरसाठी सगळ्यांच्या सह्या लागणार होत्या आणि सुनंदाच्या नवऱ्यानं सही करायला नकार दिला. म्हाताऱ्याला जागा नसेल तर मला घर नको, एवढंच तो म्हणाला आणि कामावर गेला. मग कॉलनीतल्यांनी आबांच्या ओट्यापाशी थांबणं बंद केलं. पावसाळ्यात ज्यांच्या घरात बादल्या ठेवाव्या लागत त्यांचं तरी काय चुकत होतं? एका खाटेसाठी सगळ्यांनी गळक्या घरात राहायचं का, असं लोक बाईंना तोंडावर विचारू लागले. बाई म्हणत, "प्रश्न बरोबर आहे."

एका सकाळी बँकेत निघताना पाहिलं, तर आबा खाटेवर बसून एका पिशवीत कपडे भरत होते.

"कुठं निघालात आबा?"

"गावले. मी गावले जासू, पोऱ्या सही करी टाकी. सगळासना जीव टांगेल शे."

गावी त्यांचं कुणी नव्हतं. घर होतं, त्याचं छप्पर नव्हतं. मी वर जाऊन बाईंना सांगितलं. बाई जशा होत्या तशा, ओले केस पाठीवर सोडलेले, खाली आल्या आणि आबांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"आबा, थांबा. गणित अजून सुटलेलं नाही."

"काय म्हनता?" आबांना ऐकू आलं नव्हतं.

"गणित!" बाई ओरडल्या. "सुटलेलं नाही!" आणि पिशवी घेऊन वर निघून गेल्या. आबांना कपड्यांशिवाय जाता येईना, म्हणून ते राहिले.

त्यानंतर मी बाईंना हरलेलं पाहिलं. सकाळी मी निघताना त्या खाट इकडून तिकडे सरकवत असत, संध्याकाळी परत येई तेव्हाही तेच. खिडक्या हलवल्या, मोरी फिरवली, देव हलवले. प्रत्येक वेळी पडद्यावरचे आबा थोडा वेळ उभे राहत आणि फरशीवर पडत. एकदा बाई त्यांना म्हणाल्या, "अहो, जरा दम धरा ना." मग माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उगीचच उभ्या राहिल्या.

शेवटी त्या लॅपटॉप घेऊन बिल्डरच्या ऑफिसात गेल्या. मी सोबत होते. तिथं नकाशा काढणारी आर्किटेक्ट म्हणजे माझ्याच वयाची एक मुलगी निघाली. बाईंनी लॅपटॉप उघडला, तशी ती हसली. "अरे, हे तर मी कॉलेजात असताना खेळायचे! तुम्ही एवढं मोठं बांधलंत?" तिनं खुर्ची जवळ ओढली. मग तिनं बाईंना आपली अडचण सांगितली: आग लागली तर धावायला बाहेरची जागा मोकळीच हवी, तिथं खाट ठेवता येत नाही, आणि खांब हलत नाहीत. बाईंना खांबांचं माहीत नव्हतं. खेळात छप्पर खांबांशिवाय उभं राहतं. "पुन्हा सांग," त्या पहिल्यांदाच कुणाला तरी म्हणाल्या.

जेवायची वेळ टळून गेली. दोघी वाद घालत होत्या, मी चहा आणत होते. मधेच त्या मुलीनं विचारलं, "दारातून आत आल्यावर ही जी छोटी जागा आहे ना, चपला काढायची, ती तुम्ही कशाला वापरता?"

"चपला काढायलाच," मी म्हणाले.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाईंनी माउस तिच्याकडे सरकवला आणि तिनं मुख्य दार उचलून आत, हॉलच्या तोंडाशी लावलं. चपलांची जागा घराबाहेर आली. तीन बाजूंना भिंती, वर छत, फ्लॅटच्याच हद्दीत, कुणाच्या रस्त्यात नाही. बाईंनी खाट ठेवली. आबा आले, पाहिलं आणि आडवे झाले. हिरा हिरवा झाला.

त्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "पाणी आहे का?" आणि ग्लासभर पाणी एका दमात प्याल्या.

एकाच फ्लॅटचं दार हलवता येत नव्हतं, म्हणून सगळ्या टॉवरची दारं आत सरकली. त्यात समोरासमोरची दारंही थोडी तिरकी झाली. नव्या नकाशावर पहिली सही सेक्रेटरींनी केली. त्यांच्या बायकोनं त्यांच्याशेजारी उभं राहून करून घेतली.

टॉवर उभा राहीपर्यंत मी आणि बाई पांडेसऱ्याला भाड्यानं राहिलो. पण बाई तिथं नावापुरत्याच होत्या. त्या रोज नव्या फ्लॅटमध्ये राहत, म्हणजे खेळातल्या. तिथं त्यांनी पडदे लावले, बदलले, कुंड्या ठेवल्या, लेक-जावयाला दिवाळीला बोलावलं. तिथली मी ताटं धूत नाही, असं त्या मला अधूनमधून सुनावत.

चावी मिळाली त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. बाईंनी दार उघडलं आणि इकडे तिकडे न बघता सरळ आत गेल्या. खिडकी उघडली, बंद केली, मोरीत डोकावल्या. मग हॉलच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पडला होता.

"काय झालं बाई? काही चुकलंय का?"

"काही चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "इथं मी राहून झालेय गं."

मला वाटलं, चार दिवसांत रुळतील. पण रुळलेल्याच होत्या, हीच तर अडचण होती. माझं तेव्हा लग्न ठरलं होतं आणि आम्ही घर शोधत होतो. बाईंनी चावी माझ्या हातात ठेवली आणि महिनाभरात त्या कडोदऱ्याला निघून गेल्या. तिथं लूमच्या शेडमागं त्यांना एक घर मिळालं होतं. आधीच्या मालकानं मनाला येईल तशा खोल्या वाढवलेलं. "स्वयंपाकघरात जायचं तर न्हाणीघरातून जावं लागतं," त्यांनी फोनवर सांगितलं. "आणि माडीवर जाणारा जिना आहे ना, तो भिंतीत संपतो!" लोक नातवंडाची बातमी सांगतात त्या आवाजात सांगितलं.

आबांना नव्या टॉवरमध्ये झोपच येईना. खाट दाराबाहेरच्या कोनाड्यात छान बसली होती, वाराही यायचा. पण नवव्या मजल्यावर फार शांत होतं. जन्मभर लूमच्या धडधडीत काढलेल्या त्या माणसाला शांततेत दचकायला व्हायचं. मुलगा कामावर जाताना त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून कडोदऱ्याला नेऊ लागला, दुपारच्या झोपेपुरतं. बाईंकडे.

मागच्या महिन्यात मी गेले होते. शेजारच्या शेडमधून लूमचा आवाज इतका, की दार वाजवून उपयोग नव्हता. आत पहिल्याच खोलीत खाटेवर आबा गाढ झोपलेले. लॅपटॉप कुठं दिसला नाही. बाई जिन्यावर होत्या, अगदी शेवटच्या पायरीवर, साडी खोचलेली, केसांत चुना. एका हातात हातोडी. समोरच्या भिंतीतल्या काही विटा काढून झाल्या होत्या.

मी खालून ओरडून विचारलं, "बाई, पलीकडे काय आहे?"

"शेजारच्यांचं घर!"

"मग?"

बाई वळल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"विचारलंय त्यांना," त्या म्हणाल्या. "रविवारपर्यंत सांगतो म्हणालेत."